बदलीच्या गावची तालीम

चंडीगढ शहराला ज्या चंडीदेवीच्या देवळावरून नाव मिळाले, ते देऊळ शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात आहे. त्या परिसरास चंडीमंदिर असेच म्हणतात आणि भारतीय सेनेच्या पश्चिम कमानीचे मुख्यालय तेथे आहे. छावणीचे जीवन हे बदलीचे जीवन होय. नाना प्रांतांतील कुटुंबे येतात, काही वर्षे राहतात आणि पुन्हा सामान बांधतात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. जवानाच्या व्यायामाची सोय पलटणीत होते. घरच्या मंडळींची सोय त्यांनाच पाहावी लागते. लोखंडी वजने विकत घेणे खर्चाचे, आणि ती गावोगाव वाहून नेणे त्याहून जिकिरीचे.

हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही. उतारवयात स्नायूंची झीज होत जाते आणि जमिनीवरून उठताना वृद्धास दुसऱ्याच्या हाताचा आधार लागू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे. केवळ फिरावयास जाण्याने ही गरज भागत नाही.

महाराष्ट्रातील तालमींनी हा प्रश्न लोखंडावाचून सोडविला होता. तांबडी माती, लाकूड आणि दगड एवढ्यावर त्यांचा संसार चाले. हौद्यातील माती फावड्याने खणणे हाच एक व्यायाम असे. मुद्गल व करेल लाकडाचे. नाल म्हणजे मूठ कोरलेला जड दगड. जोर आणि बैठका ह्यांना तर साधनाचीही गरज नव्हती. मुद्गल फिरविण्याची ही हिंदी विद्या एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आपल्या देशी नेली. पुढे १९०४ साली सेंट लुईस येथे व १९३२ साली लॉस एंजलिस येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली.

बळ वाढते ते कोणत्या नियमाने? टॉमस डिलॉर्म ह्या अमेरिकन लष्करी डॉक्टराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांना मोजून वजन उचलावयास लावले आणि शक्ती येईल तसतसे ते वाढविले. १९४५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. भार नेमका ठाऊक असावा आणि तो हळूहळू वाढविता यावा, हे तिचे मर्म. घरी केलेल्या साधनाचीही हीच कसोटी. त्यास तिसरी अट जोडावी: ते हातात असताना तुटता कामा नये.

ह्या तिन्ही अटी वाळूची पिशवी पुऱ्या करते. बांधकामाची वाळू चाळून उन्हात पूर्ण वाळवावी. ओल राहिल्यास वजन फसवे होते आणि कापड कुजते. जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशव्यांत दोन-दोन किलोंच्या पाच पुड्या भराव्यात आणि एक-एक किलोच्या दोन. प्रत्येक पुडी वाण्याच्या काट्यावर तोलावी. कोरड्या वाळूचे वजन लिटरास साधारण दीड किलो असते, म्हणून ह्या बारा किलोंना आठ लिटर जागा पुरते. जुन्या कॅनव्हासची थैली दुहेरी शिवणीने शिवून तीत ह्या पुड्या ठेवाव्यात. थैली गच्च भरू नये. थोडी सैल असली म्हणजे पकड चांगली बसते. लहान वजनासाठी पाण्याची एक लिटरची बाटली पुरते. तिचे वजन एक किलो, आणि पाण्याऐवजी वाळू भरली की सुमारे दीड किलो.

मुद्गल करावयाचा तर कातारीकडून शिसवीच्या एकाच अखंड लाकडाचा करून घ्यावा. दांड्याला डबा किंवा बाटली बांधून ती फिरविणे धोक्याचे; गाठ सुटताच ती कोणाच्या डोक्यावर जाईल ह्याचा नेम नाही. डब्यात सिमेंट-काँक्रीट ओतून नळीची वजने करणाराने नळीच्या टोकांतून आडवे बोल्ट घालावेत, म्हणजे गोळा निसटणार नाही. काँक्रीट निदान सात दिवस ओले ठेवावे आणि अठ्ठावीस दिवस होईपर्यंत वापरू नये.

साधनाइतकीच रीत महत्त्वाची. दहा वेळा कष्टाने पण नीट उचलता येईल असा भार निवडावा. तो बारा वेळा सहज उचलता आला की एक किलोची पुडी घालावी. पिशवी छातीशी धरून बैठका माराव्यात. ती जमिनीवरून उचलताना गुडघे वाकवावेत, पाठ वाकवू नये. श्वास कोंडू नये. वृद्धांनी आधी खुर्चीवरून रिकाम्या हाताने उठबस करावी, ती साधली म्हणजे हाती बाटल्या घ्याव्यात. हृदयविकार, रक्तदाब किंवा अंतर्गळ असलेल्यांनी डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा.

बदलीचा हुकूम आला की पुड्या मोकळ्या कराव्यात, वाळू बागेच्या वाटेवर पसरावी आणि थैलीची घडी ट्रंकेत टाकावी. नव्या गावीही वाळू मिळतेच. मात्र आपण किती किलोपर्यंत पोहोचलो होतो, ते एका वहीत लिहून ती वही सोबत न्यावी. प्रवासाच्या खंडानंतर त्याहून थोड्या कमी भाराने आरंभ केला, तर गेलेले बळ काही आठवड्यांत परत मिळते.