चित्रांतील मुख्य रंगांचा शोध

माझ्या कैलासवासी पत्नीच्या पैठणीचें छायाचित्र माझ्यापाशीं आहे. पैठणी मात्र राहिली नाहीं. नातीच्या लग्नासाठीं तशीच पैठणी विणवून घ्यावी, असें मुलीच्या मनांत आलें. पण रंग विणकरास सांगावा कसा? 'वांगी' म्हटलें कीं दहा जणांच्या डोळ्यांपुढें दहा निराळीं वांगीं उभीं राहतात! अखेर नातवानें तें काम संगणकाकडून करविलें. ती रीत आज आपणांस सांगतों.

संगणकास चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्यांत तांबडा, हिरवा व निळा प्रकाश किती, हें ० ते २५५ पर्यंतच्या तीन आंकड्यांनीं दाखवितात. अशा रीतीनें १,६७,७७,२१६ रंग संभवतात. कापडाच्या एका सुरकुतींतहि शेंकडों छटा निघतात; म्हणून नुसती मोजदाद करून भागत नाहीं. सगळ्यांची सरासरी काढावी, तर तांबडें व हिरवें मिळून मातकट रंग हातीं येतो, जो चित्रांत कोठेंच नसतो!

ह्यावर उपाय गट पाडण्याचा. प्रथम चित्र लहान करावें. दीडशें गुणिले दीडशें, म्हणजे २२,५०० ठिपके पुरेत. त्यांतून पांच नायक निवडावे. ज्याचे आंकडे सर्वांत जवळचे, त्या नायकाकडे प्रत्येक ठिपक्यानें जावें. मग प्रत्येक गटाची सरासरी हाच नवा नायक मानून पुन्हां वांटणी करावी. गट बदलेनासे झाले कीं उरलेले पांच नायक हेच मुख्य रंग. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट लॉइड ह्यांनीं १९५७ सालीं ही रीत मांडली. ती छापून आली १९८२ सालीं. पायथन भाषेंत तयार साधनें घेऊन हें पंधरा-वीस ओळींत होतें.

आमच्या चित्रांत सर्वांत मोठा गट निघाला मागच्या भिंतीचा! मी हिरमुसलों. पण भिंत चुन्याची, पांढरी होती. तिचे आंकडे मात्र २४०, २१६, १८० आले. म्हणजे दिव्याच्या पिंवळ्या उजेडानें सारेंच चित्र पिंवळें केलें होतें. तिन्ही आंकडे समान होण्यास हिरवा एक-नवमांशानें व निळा एक-तृतीयांशानें वाढवावा लागला. तेंच प्रमाण पैठणीच्या गटास लाविलें. हिशेब अदमासाचाच, परंतु नको असलेली भिंतच कामास आली.

येवल्याहून नमुन्याची रेशमी लड आली. मुलीनें ती उन्हांत धरली आणि म्हणाली, "हाच." हा शेवटचा निवाडा मात्र डोळ्यांनींच करावयाचा.