वादविवाद स्पर्धा: दोन्ही बाजूंचे मुद्दे खरे असतील, तर जिंकतं कोण?

जळगावहून भुसावळकडे जाताना लागणारं नशिराबाद पूर्वी ग्रामपंचायतीचं गाव होतं. आता तिथे नगरपरिषद आहे. समजा, वादविवाद स्पर्धेला विषय आला, 'मोठ्या गावाची नगरपरिषद होणं गावकऱ्यांच्या हिताचं आहे.'

पक्षाची बाजू मांडणारे म्हणतील, नगरोत्थानसारख्या शहरी योजनांमधून रस्ते, पाणी, गटारींसाठी निधी मिळेल. विपक्ष म्हणेल, ग्रामीण रोजगार हमीची कामं थांबतील आणि ग्रामसभाही जाईल.

दोन्हीकडे तथ्य आहे. मग परीक्षकांनी निकाल कशावर द्यायचा?

मुद्दे मोजू नका, तोला

पाच मुद्दे मांडणारा तिघांवर मात करतोच असं नाही. कुठला मुद्दा जड, हे स्पर्धकानेच दाखवून द्यावं लागतं. इंग्रजी डिबेटमध्ये याला 'वेइंग' म्हणतात. त्यासाठी चार प्रश्न कामी येतात.

किती लोकांवर परिणाम? पाणी सगळ्या गावाला लागतं. रोजगार हमीवर अवलंबून असलेली कुटुंबं त्यापेक्षा कमी.

परिणाम किती खोल? इथे पारडं फिरतं. कुणाची सोय वाढते, तर कुणाची मजुरीच बुडते.

घडण्याची खात्री किती? निधीसाठी प्रस्ताव, मंजुरी, निविदा असे टप्पे असतात. ग्रामीण योजनेची पात्रता मात्र गाव शहरी हद्दीत गेलं की नियमानेच संपते.

किती काळ टिकेल? जलवाहिनी अनेक वर्षं चालते. पण गेलेली ग्रामसभाही सहज परत येत नाही.

'तरीही' या शब्दाची ताकद

'आमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे' असं ठासून सांगणं म्हणजे तोलणं नव्हे. 'निधी येईल हे मान्य. तरीही तो येईपर्यंत मजुराच्या घरात काय शिजणार?' हे तोलणं झालं. यात समोरच्याचा मुद्दा नाकारलेला नाही. तो खरा धरूनही आपला जड का, हे सांगितलं आहे. यावर पक्षालाही उत्तर देता येतं, 'मजुरी बुडेल हे मान्य. पण जळगावची बाजारपेठ जवळ आहे, तिथे दुसरं काम मिळू शकतं. गावात पाणी नसेल तर त्याला पर्याय काय?'

ही तुलना स्पर्धकांनी केलीच नाही, तर ती परीक्षकांना आपल्या मनाने करावी लागते. मग निकाल कुठेही झुकू शकतो. म्हणून भाषणाचं शेवटचं मिनिट नव्या मुद्द्यावर खर्च करण्यापेक्षा तुलनेसाठी राखून ठेवलेलं बरं.

स्पर्धेत यावर फक्त ढाल ठरते. गावात असाच निर्णय होतो तेव्हा कुणाच्या नळाला पाणी येणार आणि कुणाची मजुरी जाणार, हे ठरतं.