लाडूचा तोल गेला तेव्हा : कुत्र्या-मांजरांची चक्कर आणि आपला खिसा

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. सकाळी ६ वाजता स्वयंपाकघरात धडपड ऐकू आली म्हणून खाली गेलो, तर आमचा १३ वर्षांचा लॅब्रॅडॉर लाडू जमिनीवर पडलेला. उठायला जाई आणि डाव्या अंगावर कोसळे. मान डावीकडे कललेली, बुबुळे झटक्याझटक्याने आडवी हलत होती, शेजारी उलटी. पुण्याहून आलेले बाबा म्हणाले, "अरे, याला अर्धांगवायू झालाय. आता त्याचे हाल करू नकोस." मुलगी रडायला लागली. व्हेटकडे जाताना गाडीत आम्हा नवराबायकोचे एकच बोलणे चालले होते, की आजच त्याला कायमचे झोपवायचे का?

तीन आठवड्यांनी लाडू बागेत खारीमागे धावत होता. आपल्या मंडळातल्या अनेक घरांत कुत्री-मांजरी आहेत आणि ती आता म्हातारी होऊ लागली आहेत. म्हणून हा लेख. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे. व्हेटने जे समजावले आणि नंतर वाचून जे पडताळले, तेच इथे देत आहे.

बिघाड कुठे आहे?

तोल सांभाळणारी यंत्रणा दोन भागांत असते. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके कुठे वळले याची खबर त्या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे पाठवतात. मेंदूचा देठ आणि लहान मेंदू त्या खबरीवरून डोळे, मान व पाय यांना हुकूम सोडतात. आमच्या भाषेत सांगायचे तर एक सेन्सर आणि एक प्रोसेसर. एका कानाचा सेन्सर अचानक बंद पडला, की प्राण्याला आपण गरगर फिरतो आहोत असे वाटते.

व्हेटचा पहिला प्रश्न हाच असतो, की बिघाड कानात आहे की मेंदूत? त्यासाठी आधी यंत्र लागत नाही, हात आणि डोळे लागतात. कानाच्या बिघाडात प्राणी शुद्धीवर असतो, मान बहुधा बिघडलेल्या बाजूला कलते आणि बुबुळे आडवी किंवा गोल हलतात. व्हेटने लाडूला पोटाखाली आधार देऊन त्याचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. त्याने तो लगेच सरळ केला. म्हणजे पायाची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत होती. पंजा तसाच उलटा राहिला, बुबुळे वर-खाली हलत असली किंवा प्राणी गुंगीत असला, तर मेंदूचा संशय घ्यावा लागतो.

कारणे

म्हाताऱ्या कुत्र्यांत बरेचदा कारण सापडतच नाही. हा त्रास एकाएकी येतो, पहिले एक-दोन दिवस फार वाईट जातात, साधारण ७२ तासांत उतार दिसू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री चालू-फिरू लागतात. मान थोडी कललेली कायम राहू शकते, पण तिचा त्रास नसतो. मांजरांना हे कोणत्याही वयात होऊ शकते.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे मधल्या किंवा आतल्या कानाचा संसर्ग. त्याला अनेक आठवडे अँटिबायोटिक आणि कधी शस्त्रक्रिया लागते. तरुण मांजरांत मधल्या कानात मांसाची गाठ वाढू शकते. कुत्र्यांत थायरॉइड कमी पडल्यानेही असे होते. मेट्रोनिडॅझोल हे जुलाबावरचे औषध जास्त प्रमाणात गेले, तर तोल जातो. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्या. कानाचा पडदा फाटला असेल, तर काही थेंब आतल्या कानाला इजा करतात. तेव्हा जुन्या बाटलीतले थेंब स्वतःहून घालू नका.

मेंदूत गाठ, सूज किंवा पक्षाघातही असू शकतो. पण पक्षाघात झालेली कुत्रीसुद्धा पुष्कळदा सुधारतात, हे बाबांना आणि मला तेव्हा ठाऊक नव्हते.

घरी काय करावे

उलटीवर व्हेट मॅरोपिटंटसारखे औषध देतात. बाकी सेवाच. गुळगुळीत फरशीवर योगा मॅट अंथरा, जिना बंद करा, रात्री मंद दिवा ठेवा. चालवताना पोटाखालून टॉवेलचा झोळा धरा. पाणी तोंडाशी न्या. उठता येत नसेल, तर दर काही तासांनी कूस बदला. उगाच उचलून घेऊ नका, त्याने चक्कर वाढते.

भारतातून आणलेली स्टेमेटिल किंवा क्रोसिन आपल्या मनाने देऊ नका. पॅरासिटमॉलने मांजर दगावू शकते, आणि आयबुप्रोफेन दोघांनाही घातक आहे.

पैशाचे गणित

इथे अमेरिकेत एमआरआय भूल देऊन करतात आणि खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. सर्वांनाच तो लागतो असे नाही. आमच्या व्हेटने कानाची तपासणी, रक्त, थायरॉइड आणि रक्तदाब एवढेच पाहिले व तीन दिवस वाट बघायला सांगितले. लक्षणे मेंदूची असली किंवा उतार पडत नसला, तर मात्र एमआरआय टाळू नये. लेखी एस्टिमेट मागा आणि "या तपासणीने उपचार बदलेल का?" असे स्पष्ट विचारा. यात संकोच कसला?

विम्याबद्दल तीन गोष्टी. बहुतेक पॉलिसींत बिल आधी आपण भरायचे आणि नंतर क्लेम करायचा. आधीपासूनचा आजार सहसा धरत नाहीत, म्हणजे कानाचा जुना संसर्ग कागदावर असेल तर पुढे वाद होऊ शकतो. आणि पॉलिसी घेतल्यावर काही दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो. म्हणून विमा घ्यायचा तर प्राणी लहान असतानाच घ्यावा. नाहीतर दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी.

शुद्ध हरपली, झटके आले किंवा पाय लुळे पडले, तर तासभरही न थांबता इमर्जन्सीत न्या. पण केवळ मान कलली आणि तोल गेला म्हणून पहिल्याच दिवशी शेवटचा निर्णय घेऊ नका. आधी तपासून घ्या आणि व्हेट म्हणतील तर तीन दिवस द्या. लाडूची मान अजून जराशी डावीकडे असते. बाबा फोनवर विचारतात, "आमचा वाकड्या मानेचा कसा आहे?"