अस्सल आत, नक्कल चौकात

फ्लॉरेन्सच्या पियाझ्झा देल्ला सिन्योरियात, पालाझ्झो वेक्योच्या दाराशी उभा असलेला डेव्हिड दिवसभर मोबाइलसमोर असतो. तो मायकेलअँजेलोनं घडवलेला नाही. १९१० साली तिथं बसवलेली ती प्रतिकृती आहे. मूळ पुतळा पंधरा मिनिटांच्या चालीवर, अकादेमिया संग्रहालयात आहे. नदीपल्याडच्या टेकडीवर आणखी एक डेव्हिड आहे, तो ब्राँझचा. ज्यांनी फक्त चौकातला पाहिला आणि तिकिटाच्या रांगेला कंटाळून पुढं गेले, त्यांना घरी गेल्यावर कुणीतरी हे सांगतंच.

अशा वेळी फसवलं गेल्यासारखं वाटतं खरं. पण ‘यातलं खरं कोणतं?’ हा प्रश्न सोबत घेऊन हे शहर पाहिलं, तर ते नुसती यादी उरकण्यापेक्षा कितीतरी जास्त उलगडतं.

डेव्हिडचंच बघा. १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला पाच मीटरहून उंच असा हा संगमरवरी पुतळा साडेतीनशेहून अधिक वर्षं उघड्यावर होता. १५२७ च्या दंगलीत वरून भिरकावलेल्या बाकानं त्याचा डावा हात मोडला. ऊन-पावसानं दगड खराब होऊ लागला, तेव्हा १८७३ साली त्याला रुळांवरच्या गाड्यात उभा करून, अगदी सावकाश, छताखाली नेण्यात आलं. संग्रहालयात गेल्यावरही संकटं थांबली नाहीत. १९९१ साली एका माणसानं हातोड्यानं त्याच्या पायाच्या बोटाचा टवका उडवला.

चौकातलं सगळंच नकली आहे, असंही नाही. शेजारच्या कमानदार लोज्जियात मेदुसाचं तोडलेलं मुंडकं उंचावून उभा असलेला चेल्लिनीचा पर्सियस अस्सल आहे. १५५४ पासून तो तिथंच आहे. त्याच्या चौथऱ्यावरच्या लहान मूर्ती मात्र प्रतिकृती आहेत. वर खरं आणि खाली खोटं!

कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाचे सोनेरी दरवाजे पाहायलाही अशीच झुंबड असते. लोरेंझो गिबेर्तीनं १४२५ ते १४५२, ही सगळी वर्षं या दरवाजांत घातली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला महापूर आला आणि पाण्याच्या लोंढ्यानं यातले पाच फलक उखडले. दुरुस्ती सुरू झाली ती २०१२ पर्यंत चालली. आज मूळ दरवाजे कॅथेड्रलच्या संग्रहालयात काचेआड आहेत आणि बाहेर त्यांच्या प्रतिकृती. त्या पुराची खूण म्हणून गल्लीबोळांतल्या भिंतींवर पाणी कुठवर चढलं होतं हे दाखवणाऱ्या पाट्या दिसतात. काही ठिकाणी तर मान वर करून वाचावं लागतं. सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली आणि गॅलिलिओच्या समाध्या आहेत, त्या बहुतेक जण पाहतात. तिथलाच चिमाबुएचा लाकडी क्रूस मात्र घाईत राहून जातो. पुरात त्याचा निम्म्याहून अधिक रंग वाहून गेला. दुरुस्त करणाऱ्यांनी हरवलेला चेहरा नव्यानं रंगवला नाही. मोकळ्या जागा बारीक रंगरेषांनी भरल्या. लांबून डोळ्याला खुपत नाहीत, पण जवळ गेल्यावर काय गेलं ते स्वच्छ कळतं. दुरुस्तीचा इतका प्रामाणिक नमुना शहरात दुसरा नसावा.

मग कॅथेड्रल? पांढऱ्या, हिरव्या आणि गुलाबी संगमरवराची ती नक्षीदार दर्शनी बाजू, जिच्यासमोर जगभरचे लोक ‘मध्ययुगीन’ म्हणून उभे राहतात, ती पूर्ण झाली १८८७ साली. इमारतीचं काम सुरू झालं होतं १२९६ मध्ये. जुनी अर्धवट दर्शनी बाजू १५८७ साली पाडली आणि पुढं तीनशे वर्षं चर्चचं तोंड तसंच ओबडधोबड राहिलं.

शंभर टक्के खरा आहे तो वरचा घुमट. ती जागा रिकामीच ठेवून बाकी चर्च उभं राहिलं होतं, कारण सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचा अष्टकोन झाकायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कमान बांधायची तर खाली लाकडी साचा लागतो. एवढ्या उंचीवर एवढा साचा उभारणं अशक्य. १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार, त्यानं साच्याशिवाय घुमट बांधून दाखवतो म्हटलं आणि १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत बांधला. एकात एक असे दोन घुमट, चाळीस लाखांवर विटा, आणि त्या रचताना ठरावीक अंतरावर उभ्या विटांचे तिरपे पट्टे. चुना ओला असताना विटा घसरू नयेत, ही त्यामागची युक्ती. फ्लॉरेन्समध्ये एकाच तिकिटावर पैसे घालायचे असतील तर या घुमटावर घालावेत. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि वेळ आधी नोंदवावी लागते. पण वाट त्या दोन घुमटांच्या मधून जाते. डोक्याजवळच्या भिंतीत ते विटांचे पट्टे स्पष्ट दिसतात. गुडघे कुरकुरत असले तर खालून पाहिलेलं बरं.

पुलांची गोष्ट वेगळी. दुकानांनी गजबजलेला पोंते वेक्यो १३४५ चा. तिथं पूर्वी खाटकांची दुकानं होती; १५९३ साली ग्रँड ड्यूकनं त्यांना हटवून सोनारांना जागा दिली, ते आजतागायत आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एकटा सोडला. उडवलेल्यांत शेजारचा सुंदर सांता त्रिनिता पूलही होता. नदीतून त्याचे दगड काढून १९५८ पर्यंत तो पुन्हा जसाच्या तसा उभा केला. कोपऱ्यावरच्या ‘वसंत’ पुतळ्याचं डोकं तेवढं सापडेना. ते १९६१ साली नदीच्या तळाशी मिळालं. आता हा पूल खरा म्हणायचा की नक्कल? दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल.

आणि एवढं सगळं या शहरात राहिलं कसं? त्याचं श्रेय बरंचसं एका बाईचं. इथं राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइसा. भाऊ निपुत्रिक वारला, राज्य लोरेन घराण्याकडं गेलं, तेव्हा १७३७ च्या करारात तिनं अट घातली: घराण्याची चित्रं, पुतळे, ग्रंथ, रत्नं यांतलं काहीही शहराबाहेर न्यायचं नाही. कारणांमध्ये लोकांच्या उपयोगाबरोबर परदेशी पाहुण्यांना ओढून आणणं हेही लिहिलं होतं! उफ्फीझी संग्रहालयासमोरची आजची रांग पाहता बाईंचा हिशेब चुकला नाही.

मराठी माणसानं मात्र या रांगांमधून अर्धा दिवस काढून कॅसिने बागेत जायला हवं. युरोपचा दौरा करून, व्हिक्टोरिया राणीला भेटून परतणारे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि प्रेत जाळणं ही तिथं न ऐकलेली गोष्ट. खास परवानगी मिळवावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी दिला गेला. तिथं १८७४ साली स्मारक झालं: भारतीय घाटणीची छत्री आणि तिच्याखाली चार्ल्स फुलर यानं घडवलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. स्मारकाचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्यानं पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. महाराजांची प्रवासाची रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. १९७८ साली जवळच बांधलेल्या पुलाला शहरानं नाव दिलं तेही या ‘इंदियानो’वरूनच, म्हणजे भारतीयावरूनच.

इथं तिकीट नाही, रांग नाही, आगाऊ नोंदणीही नाही. ट्राम बागेच्या शहराकडच्या टोकाला सोडते आणि छत्री आहे थेट पश्चिमेच्या टोकाला. मधलं अंतर तीन किलोमीटरच्या आसपास, तेव्हा भाड्यानं सायकल घेतलेली बरी.