एक सांचा, अनेक मेनू

संगणकावरील खेळ आपल्या घरांतील मुलें खेळतात आणि वडील माणसें त्यांवर रागावतात. परंतु तो खेळ रचला कसा जातो ह्याची चौकशी आपणांपैकीं फारच थोडे करतात. मींहि ती केली नसती. पण आमच्या घिवलींतला दहावीचा एक विद्यार्थी एके दिवशीं संध्याकाळीं आला व म्हणाला, "गुरुजी, माझा खेळ मी आतां सोडून देणार. एकच चूक तीन ठिकाणीं सुधारावी लागते."

खेळ कोळ्यांच्या होडीचा होता. समुद्रांत जावयाचें, जाळें टाकावयाचें, मासळी बाजारांत विकावयाची. त्यासाठीं त्यानें तीन मेनू केले होते. मेनू म्हणजे पडद्यावर दिसणारी निवडीची यादी : 'सुरू करा', 'आवाज', 'बाहेर पडा' अशी. एक मेनू आरंभींचा, दुसरा बाजाराचा, तिसरा मध्येंच थांबण्याचा. तिन्हींचें काम एकच. तरी तें त्यानें तीन वेळां उतरून काढलें होतें. मला त्यांतलें तेव्हां कांहींच कळत नव्हतें. मात्र एकच उतारा तीनदां लिहिणें ही शिक्षा असते, विद्या नव्हे, एवढें कळत होतें. आम्ही दोघे शिकावयास बसलों.

खेळ ज्या भाषेंत लिहिला होता तिचें नांव लुआ. ब्राझील देशांत रिओ दि जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठांत रोबेर्तो इयेरुसालिम्स्की, लुइस एन्रिके दे फिगेरेदो व वाल्देमार सेलेस ह्या तिघांनीं ती १९९३ सालीं रचली. पेट्रोब्रास ह्या तेथील तेल कंपनीच्या कामासाठीं आधीं दोन लहान भाषा झाल्या होत्या. त्यांतली एक संगणकावर माहिती भरण्याचे तक्ते मांडण्याची. दुसरीचें नांव सोल. पोर्तुगीज भाषेंत सोल म्हणजे सूर्य. म्हणून ह्या दोहोंच्या जागीं आलेली भाषा ती लुआ, म्हणजे चंद्र. मोठ्या आज्ञावलीच्या पोटांत राहून तिला सूचना देणें हें लुआचें काम. खेळ रचणाऱ्यांनीं तिला उचललें तें ह्याचसाठीं. १९९८ च्या 'ग्रिम फँडँगो' व २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळांत ती आहे. दुसऱ्यांत तर खेळणारेहि तिच्या साहाय्यानें आपल्या पडद्याची मांडणी बदलतात.

आमच्या शेजारच्या तारापूरच्या किल्ल्यांतून पोर्तुगिजांची सत्ता मराठ्यांनीं १७३९ सालीं उठविली. पण त्यांचे शब्द मागें राहिले. त्यांतला 'चावी' हा शब्द येथें उपयोगीं पडतो. लुआमध्यें माहितीची मांडणी करण्याचें साधन एकच, त्याला टेबल म्हणतात. टेबल म्हणजे खणांची पेटी; प्रत्येक खणाला एक चावी. खणांत आंकडा ठेवतां येतो, शब्द ठेवतां येतो, दुसरी पेटी ठेवतां येते, आणि विशेष म्हणजे एखादी कृतीहि, म्हणजे फंक्शन, ठेवतां येतें.

मग मेनूच्या सांच्यांत काय असावें? निवड वर-खालीं नेणें, शेवटच्या ओळीनंतर पुन्हां पहिलीवर येणें, निवडलेली ओळ निराळ्या रंगांत दाखविणें, एवढेंच. निवडीनंतर काय घडावें हें सांच्यानें जाणूं नये. 'बोंबील विका' ह्या ओळीबरोबर विक्रीची कृतीच खणांत ठेवून द्यावी. निवड होतांच सांचा ती फक्त चालवितो. पोस्टमन पत्र पोंचवितो, वाचीत नाहीं, तसें हें आहे.

आतां एका सांच्यापासून तीन मेनू कसे होतात? प्रत्येक मेनूची स्वतःची पेटी असते, आणि सांचा हें घरांतलें सामाईक कपाट. मागितलेली चावी स्वतःच्या पेटींत सांपडली नाहीं, तर लुआ कपाटांत पाहते. तशी सूचना 'मेटाटेबल' नांवाच्या जोडपत्रांत एकदां लिहून ठेवावी लागते. मात्र नवी वस्तु ठेवली जाते ती स्वतःच्याच पेटींत. म्हणून बाजाराच्या मेनूनें आपला रंग बदलला तर तो त्याच्यापुरता; कपाटांतला बदलला तर ज्यांनीं स्वतःचा रंग ठेवलेला नाहीं त्या सर्वांचा.

येथें आमची फसगत झाली. ओळींची यादीच आम्ही कपाटांत ठेवली. बाजाराच्या मेनूंत 'बोंबील विका' घातलें, तों तें आरंभींच्या मेनूंतहि दिसूं लागलें! ओळ वाढविल्यानें नवी यादी होत नाहीं. तिघेहि एकाच वहींत लिहीत होते. मेनू जन्मास येतांच त्याला स्वतःची कोरी वही द्यावी, हा त्यावर उपाय. सामाईक काय व ज्याचें त्याचें काय, हें ठरविणें हेंच ह्या कलेंतलें मर्म.

दुसरी अडचण मराठीची. चौकटीची रुंदी ठरविण्यासाठीं त्यानें लुआचें शब्दाची लांबी मोजण्याचें चिन्ह वापरलें होतें. 'घिवली' हें नांव घातलें, आणि चौकट भलतीच लांबली. आपल्या डोळ्यांना ह्या नांवांत तीन अक्षरें दिसतात. युनिकोड पद्धतींत वेलांट्या निराळ्या मोजल्या जातात, म्हणून तीं पांच चिन्हें होतात. आणि साठवितांना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सामान्यतः तीन बाइट लागतात, म्हणून लुआचें उत्तर येतें पंधरा! इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो; त्यामुळें इंग्रजी मेनूंत ही चूक लपून राहिली असती. म्हणून रुंदी अशी मोजूं नये. ज्या फाँटनें शब्द उमटावयाचा त्याच्याकडूनच ती मागून घ्यावी. मराठींत खेळ करावयाचा तर सांचाहि मराठीस पुरेल असा हवा.

आज त्याच्या खेळांत सांचा एक आणि मेनू पांच आहेत. शेवटचे दोन करावयास त्याला एक संध्याकाळहि लागली नाहीं. परवां त्याच्या मित्रानें तोच सांचा आपल्या कबड्डीच्या खेळासाठीं नेला, व त्यांत कांहींएक न बदलतां तो तेथें चालला. होडीचा खेळ अद्याप अपुरा आहे, पण सुटलेला नाहीं. आपल्या घरांतील मूल पडद्यापुढें बसलेलें दिसलें, तर रागावण्यापूर्वीं एवढें विचारावें, कीं बाळ, तूं खेळतो आहेस, कीं खेळ रचतो आहेस?