रेडिएटरला तडा गेलाय? झाळायचा की बदलायचा, आधी टाकी बघा

लग्नसराई, गावोगावच्या जत्रा आणि वर एप्रिल-मेचं ऊन. याच दिवसांत वडापच्या जुन्या जीपा, ओम्नी आणि घरच्या मारुती 800 घाटात बॉनेट उघडून उभ्या दिसतात. बऱ्याचदा कारण एकच असतं, रेडिएटर गळतोय. ‘पाणी ओतलं की चालतीय’ म्हणून गाडी तशीच दामटली, तर रेडिएटरच्या खर्चात भागणारं काम इंजिन खोलण्यापर्यंत जातं.

छोटी गळती, मोठं नुकसान

उघड्या भांड्यातलं पाणी साधारण 100 अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण मात्र आत दाब धरून ठेवतं. अनेक झाकणांवर 0.9 असा आकडा असतो, तो या दाबाचा. एवढ्या दाबाखाली पाणी 118-120 अंशांपर्यंत उकळत नाही. तडा गेला की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. मग हेड तापून वाकतं, हेड गॅस्केट जातं. मारुती 800 चं हेड ॲल्युमिनियमचं असल्याने तिथे धोका जास्त.

नुसत्या काट्यावरही विसंबू नये. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापलेलं असूनही काटा खाली दिसू शकतो.

टाकी पितळी की प्लास्टिकची?

जुन्या जीपांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात. टाकीच्या सांध्यातून किंवा एखाद्या नळीतून गळत असेल तर रेडिएटरवाला झाळून देतो. आतल्या नळ्या क्षारांनी तुंबल्या असतील तर टाकी उघडून त्या साफ करता येतात. नळ्या झिजल्या असतील, जाळी हाताने चुरगळत असेल, तर पुन्हा पुन्हा झाळण्यात अर्थ नाही. टाक्या त्याच ठेवून मधली जाळी (कोअर) नवी बसवता येते.

नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या असतात. प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं आणि त्याला तडा जातो. ते झाळता येत नाही. एम-सील लावलं तरी ते उष्णता आणि दाबापुढे फार टिकत नाही. गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता तो उपाय. टाकी सुटी मिळाली आणि जाळी चांगली असली तर टाकी बदलावी, नाहीतर अख्खा रेडिएटर.

हळद टाकण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. तिने बारीक गळती काही काळ थांबते, पण तोच गाळ चांगल्या नळ्याही तुंबवतो.

काम टाकताना काय बघावं?

- गळती नेमकी कुठे आहे ते आधी शोधून घ्या. कधी कधी रेडिएटर चांगला असतो आणि होज पाइप, क्लिप किंवा वॉटर पंप गळत असतो.
- दुरुस्तीनंतर रेडिएटर पाण्यात बुडवून हवा भरून तपासायला सांगा. पंक्चरसारखेच बुडबुडे दिसतात.
- नवा घेताना जुना सोबत न्या. एसी आणि बिगर-एसी गाडीचा रेडिएटर वेगळा असू शकतो.
- जुने होज पाइप आणि झाकण त्याच वेळी बदला. थर्मोस्टॅट आणि पंखाही तपासून घ्या.
- इंजिन ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. अशा वेळी नुसता रेडिएटर बदलून भागत नाही.

बोअरचं पाणी नको

बोअरच्या जड पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून वापरावं. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नये. भरल्यावर आतली हवा काढून घ्यावी. काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ किंवा गटारात ओतू नये. बहुतेक कूलंट चवीला गोडसर पण विषारी असतं, कुत्री-जनावरं ते चाटतात.

घाटात गाडी तापली तर

एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. तापलेलं झाकण उघडू नका, उकळतं पाणी उसळून चेहरा-हात भाजतात. किमान अर्धा तास थांबा. झाकण हाताला गार लागलं की जाड कापड धरून हळूहळू सैल करा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्याने धातूला तडा जाऊ शकतो. पाणी भरूनही धार लागून गळत असेल, तर प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवा आणि आपली गाडी टोचन लावून न्या.