पिठ्या ढेकूण की ढालकिड्याची अळी? : सूक्ष्म किडींच्या ओळखीचा प्रश्न (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना :
प्रयोगशाळेच्या खिडकीतील जास्वंदीची कुंडी आणि गेवराई-माजलगावकडील कापसाचे शेत यांत वरकरणी काहीच साम्य नाही. तथापि जास्वंद व कापूस या दोन्ही वनस्पती मालव्हेसी कुळातील असून त्यांवरील अनेक किडीही समान आहेत. ज्या सीताफळामुळे बीडला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, त्यावरही पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव होतो. या सूक्ष्म जीवांची हस्तभिंगाच्या साहाय्याने ओळख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राथमिक ओळख :
प्रथम पाय मोजावेत. कीटकास सहा पाय असतात. लाल कोळी प्रौढावस्थेत आठ पायांचा असतो, म्हणजे तो कीटक नव्हेच. त्यामुळे अनेक कीटकनाशके त्यावर निष्प्रभ ठरतात. उलट त्याचे नैसर्गिक शत्रू मरून त्याची संख्या वाढते. त्यानंतर हालचाल पाहावी. तुडतुडे तिरपे चालतात, पांढरी माशी झाड हलविताच उडते, मावा जागचा सहसा हलत नाही. फुलकिडे दिसत नसल्यास पान कोऱ्या कागदावर झटकावे.

कुंडीच्या मातीत उड्या मारणारे पांढुरके जीव बहुधा स्प्रिंगटेल असतात. ते बुरशी व कुजके पदार्थ खातात. त्यांना मारण्याचे कारण नाही. मातीवर घोटाळणाऱ्या काळपट चिलटांच्या काळ्या डोक्याच्या अळ्या मात्र कोवळी मुळे कुरतडतात. यावर औषधापेक्षा पाणी कमी करून वरची माती सुकू देणे अधिक गुणकारी होय.

पिठ्या ढेकूण :
खरी फसगत येथे होते. २००५ नंतर गुजरात, महाराष्ट्र व पंजाबातील कापसावर या किडीचा उद्रेक झाला, तेव्हा प्रारंभी तिच्या प्रजातीविषयीच मतभेद होते. पुढे नऊ राज्यांतील नमुन्यांच्या तपासणीतून ती प्रामुख्याने फेनाकोकस सोलेनॉप्सिस असल्याचे स्पष्ट झाले. या प्रजातीचे प्रथम वर्णन १८९८ मध्ये अमेरिकेतील नमुन्यांवरून झाले होते. मादीच्या पांढऱ्या पाठीवर काळपट ठिपक्यांच्या जोड्या दिसतात, ही तिची ठळक खूण. गाजरगवतावरही ती जगते. म्हणून बांध न पाहता केवळ पीक पाहणे अपुरे ठरते.

याच किडीत तिला खाणारी, तिच्यासारखीच पांढरी अळी वावरते. क्रिप्टोलिमस व स्किम्नस या ढालकिड्यांच्या अळ्यांच्या अंगावर मेणाचे झुबके असतात. आमच्या विभागातील जास्वंदीवर प्रस्तुत लेखकानेच अशा अळ्यांना पिठ्या ढेकूण समजून फवारणी केली होती. अळ्या मेल्या आणि पंधरा दिवसांत पिठ्या ढेकूण दुपटीने वाढला. भिंगाची तसदी घेतली असती तर हे टळले असते. काडीने डिवचल्यास पिठ्या ढेकूण जेमतेम सरकतो, अळी मात्र झपाट्याने चालू लागते. तिचे मेणाचे धागे लांब व विस्कटलेले असतात. क्रिप्टोलिमसची पूर्ण वाढलेली अळी तर पिठ्या ढेकणाच्या दुपटीहून मोठी असते.

कुंडीत एवढ्यावर निभावले. शेतात मात्र चुकीच्या ओळखीतून एक फवारणी वाढते, तिचा खर्च वाढतो आणि फवारणाऱ्याच्या जिवाचा धोकाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

आणखी एक खूण सांगणे अगत्याचे आहे. पिठ्या ढेकणांत काही तांबूस-तपकिरी, कडक झालेले दिसले तर ते परोपजीवी कीटकाने ग्रासलेले समजावेत. एनासियस नावाची इवली गांधीलमाशी त्यांच्या शरीरात अंडी घालते. भारतातील नमुन्यांवरून २००९ मध्ये तिचे एनासियस बंबावालेई असे नामकरण झाले. आता ती एनासियस ॲरिझोनेन्सिस या नावाने ओळखली जाते. असे कडक ढेकूण पानासह काचेच्या नळीत ठेवून कापसाचे बूच लावावे. काही दिवसांत कवचाला गोल छिद्र पडून माशी बाहेर येते. द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकास यासाठी एक नळी व एक भिंग पुरते.